दंडारी नृत्य : इतिहास, अर्थ आणि सीमा
(राजुरा–जिवती परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांतील आदिवासी जीवनात नृत्याला केवळ करमणुकीचे स्थान नाही. पेरणी, नवान्न, विवाह, देवपूजा व मृत्यूनंतरचे विधी अशा प्रत्येक प्रसंगी समूहनृत्य हा विधीचाच एक भाग असतो. गडचिरोलीतील भामरागड, एटापल्ली या भागांत माडिया समाजाचे रेला नृत्य प्रसिद्ध आहे. चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिणेकडील राजुरा, कोरपना व जिवती या तालुक्यांत गोंड व कोलाम समाजांचे दंडारी नृत्य हे तितकेच महत्त्वाचे असूनही मराठी अभ्यासात ते काहीसे उपेक्षित राहिले आहे. त्याची दखल बहुधा तेलंगणातील 'गुसाडी' या नावाने घेतली जाते आणि त्याचे महाराष्ट्रातील अस्तित्व दुर्लक्षिले जाते.

प्रस्तुत लेखात या नृत्याचे स्वरूप, त्याचा सामाजिक अर्थ आणि प्रशासकीय सीमांशी त्याचा आलेला संबंध यांचा विचार केला आहे. दंडारी हे एका गावाने दुसऱ्या गावाकडे केलेले प्रस्थान आहे. म्हणून तिचा इतिहास हा गावागावांतील नात्यांचा इतिहास ठरतो, अशी या विवेचनामागील भूमिका आहे.

'दंडार' व 'दंडारी' : नामसाम्य आणि भेद

झाडीपट्टीत 'दंडार' नावाचा लोकनाट्याचा प्रकार रूढ आहे. दिवाळीनंतरच्या मंडईच्या दिवसांत तो सादर होतो व खडी दंडार, बैठी दंडार असे त्याचे भेद मानले जातात. गोंड-कोलामांची दंडारी ही याहून वेगळी आहे. दोन्हींचा काळ दिवाळीच्या आसपासचा असल्याने व नावात साम्य असल्याने त्यांची गल्लत होते. झाडीपट्टीच्या दंडारीत सोंगे, प्रसंग व संवाद यांना महत्त्व असते आणि गावकरी हेच तिचे प्रेक्षक असतात. गोंडांच्या दंडारीत मात्र प्रेक्षक हा वर्गच नसतो. एका बाजूला पाहुणे व दुसऱ्या बाजूला यजमान असतात आणि दोघांचीही विधीत ठरलेली कर्तव्ये असतात.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

वर्धा नदीच्या दक्षिणेस माणिकगडच्या डोंगररांगा पसरलेल्या आहेत. चांद्याच्या गोंड राजांची सत्ता वर्धेच्या दोन्ही बाजूंच्या प्रदेशावर होती. १७५१ मध्ये चांद्याचे राज्य नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात गेले व शतकभरानंतर ते इंग्रजी अमलाखाली आले. राजुऱ्याचा प्रदेश मात्र निजामाच्या राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. अशा रीतीने वर्धेच्या उत्तरेकडील गोंड इंग्रजी मुलखात, तर दक्षिणेकडील गोंड निजामाच्या मुलखात राहू लागले. सोयरीक व देवस्थाने यांवर मात्र या विभागणीचा परिणाम झाला नाही.

या प्रदेशाचा तपशीलवार सांस्कृतिक अभ्यास एका संघर्षाच्या निमित्ताने घडून आला, ही बाब लक्षणीय आहे. जंगल राखीव झाल्याने व बाहेरील शेतकऱ्यांकडे जमिनी गेल्याने गोंडांमध्ये असंतोष वाढला होता. कुमराम भीम यांच्या नेतृत्वाखाली उभा राहिलेला लढा १९४० मध्ये जोडेघाट येथे त्यांच्या मृत्यूने दडपला गेला. त्यानंतर असंतोषाची कारणे शोधण्याचे काम निजाम सरकारने मानवशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्याकडे दिले. ते मारलवाई या गावी राहिले. तेथे १९४३ मध्ये गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र सुरू झाले आणि त्यासाठी तयार झालेली गोंडी वाचनपुस्तके देवनागरी लिपीत होती. आज तेलुगूभाषक राज्यात असलेल्या गोंडांचा त्या काळी मराठीशी किती निकटचा संबंध होता, याचा हा बोलका पुरावा होय. आदिलाबादच्या राजगोंडांवरील त्यांचा ग्रंथ १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला व गोंडांच्या मिथककथा, विधी आणि उत्सव यांची नोंद त्यामुळे अभ्यासकांना उपलब्ध झाली.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत राजुरा तालुका आदिलाबादमधून वेगळा काढून मुंबई राज्यातील नांदेड जिल्ह्यास व पुढे १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यास जोडण्यात आला. निजामाच्या काळात एकाच जिल्ह्यात असलेली गावे आता दोन राज्यांत विभागली गेली.

दंडारीचे स्वरूप

आश्विन पौर्णिमेनंतर दंडारीला प्रारंभ होतो व दिवाळीच्या सुमारास तिची सांगता होते. आरंभी 'भोगी' या विधीत वाद्ये, मोरपिसांचे मुकुट व अन्य साहित्य बाहेर काढून त्यांची पूजा केली जाते. अखेरीस 'कोलाबोडी' हा समारोपाचा विधी होतो व साहित्य पुढील वर्षापर्यंत ठेवून दिले जाते. खरिपाचे पीक हाताशी येत असते, पाऊस ओसरलेला असतो आणि डोंगरवाटा चालण्याजोग्या झालेल्या असतात. या हंगामाशी नृत्याचा काळ जुळलेला आहे.

दंडारीच्या पथकात दोन प्रकारचे नर्तक असतात. पहिला वर्ग हातात टिपऱ्या घेऊन रिंगणात नाचणाऱ्या तरुणांचा. त्यांपैकी काही मुले स्त्रीवेष घेतात व त्यांना 'पोरिक' म्हणतात. दुसरा वर्ग गुसाडींचा. गुसाडीच्या डोक्यावर मोरपिसांचा भव्य मुकुट असतो व त्याला हरणाची शिंगे जोडलेली असतात. चेहऱ्यावर खोटी दाढी-मिशी, उघड्या अंगावर राख, खांद्यावर कातडे, कमरेला व पायांत घुंगरे आणि हातात 'रोकाल' नावाचा दंड असा त्याचा वेष असतो. ढोल, डफ, तुडुम व पेपरे या वाद्यांची साथ असते. गोंडांचे परंपरागत गायक व कथाकार असलेल्या प्रधान समाजाचा वादनात महत्त्वाचा वाटा असतो.

गुसाडीचे वेषांतर हे व्रत मानले जाते. व्रताच्या काळात अंगावरील राख धुवायची नाही, हा नियम कटाक्षाने पाळला जातो. वेष धारण केलेला मनुष्य नेहमीचा गावकरी राहत नाही. येत्मासूर या देवतेचा त्याच्या ठायी वास आहे, अशी श्रद्धा असते. त्याच्या रोकालाच्या स्पर्शाने दुखणे दूर होते, असे मानले जाते. तोच गुसाडी यजमानांची थट्टा करतो, उलटसुलट प्रश्न विचारतो, लहान मुलांना घाबरवतो व हसवतो. पावित्र्य व विनोद यांचा हा संयोग आधुनिक दृष्टीला विसंगत वाटला, तरी विधीच्या तर्कात तो सुसंगत आहे. जो नित्याच्या मर्यादेबाहेर गेला आहे, त्यालाच नित्याची मर्यादा ओलांडून बोलण्याचा अधिकार मिळतो.

नृत्याचा सामाजिक अर्थ

दंडारीचे मर्म तिच्या प्रवासात आहे. पथक आपल्या गावातून निघून दुसऱ्या गावी जाते. गावाच्या शिवेवर यजमान वाद्ये घेऊन सामोरे येतात. रात्री नृत्य होते, पाहुण्यांना भोजन दिले जाते व पुढे केव्हातरी यजमान गावाचे पथक परतभेटीस जाते. या देवघेवीत हिशेब नसतो, पण विसरही नसतो. आलेली दंडारी परत करणे हे गावाच्या प्रतिष्ठेचे कर्तव्य असते.

या भेटीमागे गोंड समाजाची नातेव्यवस्था आहे. चार, पाच, सहा व सात भावांचे असे चार 'सगा' मानले जातात. एका सगातील स्त्री-पुरुष परस्परांचे भाऊबंद असल्याने त्यांच्यात विवाह निषिद्ध असतो. सोयरीक दुसऱ्या सगाशीच करावी लागते. त्यामुळे कोणत्याही कुळाला आपल्या घरातील विवाहासाठी परक्या कुळांची गरज असते. दंडारीच्या निमित्ताने तरुण-तरुणी एकमेकांना पाहतात, वडीलधारे बोलणी करतात आणि अनेक विवाह जुळतात. डोंगराळ प्रदेशात विखुरलेल्या लहान वस्त्यांना एकत्र बांधून ठेवणारी ही व्यवस्था आहे.

कोलाम समाजाचा सहभागही येथे विचारात घ्यावा लागतो. महाराष्ट्रातील विशेष असुरक्षित आदिवासी गटांत कातकरी व माडिया यांच्याबरोबर कोलामांचा समावेश होतो. गोंडांच्या दृष्टीने कोलाम हे स्थानिक देवतांचे पुजारी आहेत. कोलामपोडांतही दंडारी नाचली जाते. भिन्न भाषा बोलणारे हे दोन समाज एकाच उत्सवाने जोडलेले आहेत.

तुलनेसाठी चीनमधील 'नुओ' या प्राचीन मुखवटानृत्याचे उदाहरण उद्बोधक ठरते. रोगराई व अनिष्ट शक्ती घालवण्यासाठी गावोगावी हे नृत्य होत असे. गावकरी नुओ नाचत असता कन्फ्यूशियस दरबारी वस्त्रे परिधान करून पायऱ्यांवर उभे राहत, असा उल्लेख त्यांच्या वचनसंग्रहात आढळतो. २००६ मध्ये चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या पहिल्या यादीत त्याचा समावेश झाला. दोन्ही नृत्यांत वेषधारी नर्तक हा देवतेचा वाहक असतो. परंतु नुओचा भर अनिष्टाच्या निष्कासनावर, तर दंडारीचा भर नाते जोडण्यावर आहे. कन्फ्यूशियसच्या उल्लेखातून मिळणारा बोध मात्र दोन्हींना लागू पडतो : लोकनृत्यासमोर उभे राहणाऱ्याचीही काही जबाबदारी असते.

सीमा आणि दंडारी

राज्यपुनर्रचनेनंतर या प्रदेशातील शाळांची भाषा, कचेऱ्या व मतदारसंघ बदलले. एका बाजूच्या मुलांना मराठी, दुसऱ्या बाजूच्या मुलांना तेलुगू शिकवली जाऊ लागली. एकाच कुळातील दोन भावांची नातवंडे गोंडी विसरली, तर त्यांना परस्परांशी बोलण्यासाठी समान भाषा उरणार नाही, अशी ही स्थिती आहे. २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा असलेल्यांची संख्या सुमारे २९ लाख ८४ हजार नोंदली गेली. एवढी मोठी भाषा अनेक राज्यांत विभागली गेल्यामुळे कोणत्याही एका राज्याची राजभाषा होऊ शकली नाही.

जिवती तालुक्यातील चौदा गावांवर महाराष्ट्र व तेलंगण या दोन्ही राज्यांनी दावा सांगितलेला आहे. तेथे दोन्ही राज्यांच्या मतदारयाद्या, शाळा व योजना पोहोचल्या. अशा भूभागात दंडारीचे पथक सीमा ओलांडते, तेव्हा त्यात राजकीय घोषणा नसते. पथक आपल्या सोयऱ्यांच्या गावी जात असते, एवढेच. तथापि राज्यांनी आखलेल्या रेषेपेक्षा जुना असा एक नकाशा या पायवाटांतून दरवर्षी पुन्हा रेखाटला जातो. गोदावरीकाठच्या गुडिरेवू येथील पद्मलपुरी काको हे दंडारीशी निगडित तीर्थस्थान आज तेलंगणात असले, तरी त्याच्यावरील श्रद्धेला राज्य नाही.

सद्यःस्थिती

तेलंगण बाजूस या कलेला राष्ट्रीय मान्यता लाभली. मारलवाईचे गुसाडी कलावंत कनक राजू यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. हा सन्मान संपूर्ण परंपरेचा गौरव होता. मात्र मंचावरील सादरीकरणाच्या मर्यादाही लक्षात घ्याव्या लागतात. महोत्सवात गुसाडी काही मिनिटे नाचतो. तेथे शीव नसते, यजमान नसतो, परतभेटीचे बंधन नसते. मुकुट तोच असतो, पण पाहुणा कलाकार होतो आणि सोयरा प्रेक्षक होतो.

दुसरीकडे गडचांदूर परिसरातील सिमेंट उद्योग, जमिनीचे हस्तांतरण व रोजगारासाठीचे स्थलांतर यांमुळे गावांची रचना बदलली आहे. दिवाळीच्या सुमारास तरुण कापूस वेचणीला किंवा कारखान्यावर असतील, तर पथक उभे राहत नाही. आणि घरात धान्य नसेल, तर आलेल्या पाहुण्यांना जेवू घालता येत नाही. नृत्याचा ऱ्हास होण्यापूर्वी आतिथ्याची ऐपत ऱ्हास पावते, हे कलासंवर्धनाच्या चर्चेत क्वचितच लक्षात घेतले जाते.

निष्कर्ष

१. दंडारी हे गोंड व कोलाम समाजांतील गावांना परस्परांशी बांधणारे विधिनृत्य असून पाहुणा व यजमान हे दोन्ही तिचे अनिवार्य घटक आहेत.

२. गुसाडीचा वेष हा या परंपरेचा सर्वांत दृश्य भाग असला, तरी तिचा गाभा सगाव्यवस्था, सोयरीक व परतभेट यांत आहे.

३. १९५६ व १९५९ च्या सीमाबदलांनी प्रदेश विभागला, परंतु दंडारीने जुने सांस्कृतिक क्षेत्र टिकवून धरले. म्हणून तिचा अभ्यास एका राज्यापुरता मर्यादित ठेवता येत नाही.

४. केवळ मंचीय सादरीकरणाने या परंपरेचे जतन होणार नाही. गावांतील भेटीचे मार्ग, परतभेटींच्या आठवणी व गोंडी-कोलामी भाषांतील मौखिक साहित्य यांचे दस्तऐवजीकरण स्थानिक महाविद्यालयांनी हाती घेणे निकडीचे आहे. वृद्ध गावकऱ्यांच्या स्मरणात कोणत्या गावाची दंडारी कोणत्या गावी येत असे, याची साखळी आहे. ती लिहून ठेवली गेली, तर या वनप्रदेशाचा लोकांनी स्वतः आखलेला नकाशा पुढील पिढ्यांच्या हाती राहील.