चुकलेल्या वारांचा हिशेब

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या ऑनलाइन गेममध्ये योद्धा तलवार फिरवतो आणि समोरच्या राक्षसाच्या डोक्यावर एवढासा शब्द तरंगतो: मिस. वार का चुकला, ते गेम सांगत नाही. हात कच्चा होता, राक्षस वरच्या लेव्हलचा होता, की नुसतं नशीब फिरलं? दूर कुठल्या सर्व्हरवर एक आकडा उचलला गेला, एका कोष्टकाशी ताडला गेला आणि निकाल तेवढा पडद्यावर आला. नोव्हेंबर २००४ मध्ये हा गेम बाजारात आल्यावर काही चिवट खेळाडूंनी ते न दिसणारं कोष्टक नुसते निकाल मोजून, बाहेरच्या बाहेर लिहून काढलं. या उद्योगाला ते थिअरीक्राफ्टिंग म्हणतात. वरवर पाहता रिकामटेकड्या पोरांचा छंद. पण त्याचं कूळ चांगलं चारशे वर्षांचं आहे.

गॅलिलिओचं फाशांवर एक छोटं टिपण आहे, १६२० च्या आगेमागे लिहिलेलं. तीन फासे टाकून बेरीज करण्याचा जुगार तेव्हा इटलीत चाले. नऊ ही बेरीज सहा तऱ्हांनी जुळते, दहाही सहाच तऱ्हांनी. म्हणजे दोन्ही सारख्याच वेळा यायला हव्यात. मुरलेल्या जुगाऱ्यांचं म्हणणं मात्र असं की दहा जरा जास्त येते. गॅलिलिओने तिन्ही फासे वेगवेगळे धरून मोजदाद केली. एकूण २१६ शक्यतांपैकी नऊच्या वाट्याला २५, दहाच्या वाट्याला २७. जुगारी बरोबर होते, आणि फरक होता शंभरात एकाहूनही कमी. मला यात गॅलिलिओपेक्षा ते अनाम जुगारीच थोर वाटतात. हाती सूत्र नसताना, निव्वळ टेबलाशी बसून बसून त्यांनी इतकी बारीक तफावत हेरली होती. आपल्या नलोपाख्यानातही ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या झाडाकडे एक नजर टाकून पानंफळं किती ते सांगतो. पण नल त्याच्या शब्दावर विसंबत नाही. तो रथ थांबवतो, झाड पाडतो आणि मोजून बघतो. फाशांची विद्या त्याला मिळते ती त्यानंतर.

दुसरी शाखा प्रशियाच्या लष्करातली. बॅरन फॉन राइस्विट्झ यांनी १८१२ मध्ये राजासाठी एक युद्धखेळ तयार केला. त्यांच्या मुलाने, तोफखान्यातल्या एका लेफ्टनंटने, १८२४ मध्ये त्याला नकाशा, फासे आणि नियमपुस्तकाची शिस्त लावली. दोन्ही बाजूंचे अधिकारी पंचाकडे लेखी हुकूम धाडत. पंच फासा टाकून, कोष्टक बघून, किती माणसं पडली ते सांगे. हे आकडे हवेतून आलेले नव्हते. शार्नहॉर्स्ट या सेनापतीने बंदुका-तोफांच्या माऱ्याच्या ज्या चाचण्या १८१३ मध्ये छापल्या होत्या, त्यांचा आधार त्यामागे होता. खऱ्या फैरींतून कोष्टक निघालं आणि कोष्टकातून फासा. पावणेदोनशे वर्षांनी गेम खेळणारे हीच वाट उलटी चालले, फाशापासून कोष्टकाकडे.

राइस्विट्झच्या खेळाडूंवर ती वेळ आली नाही, कारण पंच समोर बसलेला असे. त्याला विचारता येई, निकाल फारच हास्यास्पद वाटला तर हुज्जतही घालता येई. पुढे १८७६ मध्ये व्हेर्डी द्यु व्हेर्न्वा या अधिकाऱ्याने कोष्टकं बाजूला सारून सगळंच पंचाच्या अनुभवावर सोपवलं.

फासा सरळ आहे की लबाड, हे ठरवण्याची पक्की रीत मात्र लष्करातून आली नाही. राफेल वेल्डन हा इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ. त्याच्याकडच्या १८९४ च्या नोंदी बारा फासे २६,३०६ वेळा टाकल्याच्या आहेत. एकूण ३,१५,६७२ निकालांत पाच किंवा सहा १,०६,६०२ वेळा पडले. निर्दोष फाशांत हे प्रमाण ३३.३३ टक्के हवं. वेल्डनला मिळालं ३३.७७. कार्ल पीअरसनने १९०० मध्ये काय-वर्ग चाचणी मांडली तेव्हा याच आकड्यांवर ती चालवून दाखवली आणि निष्कर्ष काढला की एवढी तफावत निव्वळ योगायोगाने पडणं जवळजवळ अशक्य. टिंबांसाठी खळगे कोरल्यामुळे सहाची बाजू किंचित हलकी होते, असं त्याचं स्पष्टीकरण देतात. अर्ध्या टक्क्याहूनही कमी फरकासाठी तीन लाख निकाल. हा भाव पुढे वॉरक्राफ्टवाल्यांनाही चुकला नाही.

आता अमेरिकेत. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती बसून भूमिका वठवायचा खेळ १९७४ चा. त्यात वीस बाजूंचा फासा टेबलावर पडे. पण १९७८ मध्ये त्याच खेळाच्या सुधारित आवृत्तीचं खेळाडूंचं पुस्तक आलं, त्यात वार लागायला किती पडावं लागतं याची कोष्टकंच नव्हती. ती १९७९ च्या दुसऱ्या पुस्तकात, खेळ चालवणाऱ्यासाठीच्या पुस्तकात गेली, आणि खेळाडूंनी ते उघडूच नये असं गायगॅक्सचं स्पष्ट मत होतं. अर्थात ते दुकानात कुणालाही मिळे आणि सगळे वाचत. लपवणं इथे सभ्यतेवर अवलंबून होतं. यंत्राने ती गरज संपवली.

एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी १९७८ मध्ये 'मड' सुरू केलं, अनेकांनी एकाच वेळी खेळायचं, नुसत्या मजकुराचं जग. त्या कुळातलं कोपनहेगन विद्यापीठाचं 'डिकूमड' १९९१ चं. त्यात लढाईचे आकडे दिसत नसत, वाक्यं दिसत. तुमचा वार शत्रूला जेमतेम लागला, जोरात लागला, फारच जोरात लागला, आणि सगळ्यात वर, तुम्ही त्याच्या चिंधड्या उडवल्यात. प्रत्येक वाक्यामागे नुकसानीच्या आकड्यांची एक पट्टी होती. रोज खेळणारे क्रियाविशेषणांवरून शत्रूत किती जीव उरला ते ओळखायला शिकले. डिकूचा कोड खुला होता, त्यामुळे ज्याला सोर्स वाचता येई त्याला हे कष्ट पडत नसत. पुढच्या पिढीला ती सोय नव्हती.

मार्च १९९९ मधला 'एव्हरक्वेस्ट' हा ऑनलाइन गेम म्हणजे ती पिढी. वळण इतकं डिकूचं की कोड उचलला असल्याची शंका निघाली, आणि तो उचललेला नाही असं निर्मात्यांना २००० मध्ये लेखी द्यावं लागलं. इथे आकडे दिसत आणि लढाईचा मजकूर फाइलमध्ये साठवता येई. खेळाडूंनी त्या फाइली चाळणारे छोटे प्रोग्रॅम लिहिले. एकाच राक्षसाचे हजारो फटके रचून पाहिले तेव्हा लक्षात आलं की फटका वाटेल त्या आकड्याचा नसतोच. समजा कमीत कमी २४ आणि जास्तीत जास्त १०० चा फटका बसतो. तर मधले आकडे २८, ३२, ३६ असे चारचारने चढतात. एकंदर पायऱ्या वीस. प्रत्येक राक्षसाच्या पायरीची उंची वेगळी, संख्या तीच. पहिल्या आणि विसाव्या पायरीवर गर्दी, आणि चिलखत चढवलं की सगळी गर्दी खाली सरकते. म्हणजे गायगॅक्सच्या टेबलावरचा वीस बाजूंचा फासा यंत्राच्या पोटात तसाच गडगडत होता. या सगळ्या वंशावळीत मला सर्वांत आवडता शोध हाच.

वॉरक्राफ्टमध्ये कोडं वेगळं होतं. वार चुकतो, शत्रू हुकवतो, तलवारीने अडवतो, ढालीवर घेतो, वार घसटून जातो, दुप्पट लागतो किंवा साधा लागतो. यासाठी सर्व्हर एकामागून एक फासे टाकतो की एकच? निष्कर्ष निघाला की साध्या वारासाठी एकच. शंभर खणांची एक पट्टी समजा. पहिले काही खण चुकण्याचे, पुढचे हुकवण्याचे, मग अडवण्याचे, असे क्रमाने. शेवटी जे उरतात ते साध्या फटक्याचे. आधीच्यांनी पट्टी भरून टाकली तर शेवटच्यांना जागाच उरत नाही.

हे ऐकायला कोरडं आहे, पण त्याने रेडची, म्हणजे अनेकांनी मिळून बॉस नावाच्या बड्या राक्षसावर घालायच्या धाडीची, घडी बदलली. तीन लेव्हल वरचा बॉस टँकवर, म्हणजे सगळ्यांच्या वतीने मार झेलणाऱ्या खेळाडूवर, अधूनमधून दीडपट फटका मारे, क्रशिंग ब्लो. पंधरा टक्के वेळा. लागोपाठ दोन बसले की जखमा भरणारा हीलर काही करण्याआधी टँक आडवा. एकच फासा हे खरं असेल, तर चुकणं, हुकवणं, अडवणं आणि ढाल यांची बेरीज पट्टीभर करायची, म्हणजे क्रशिंग ब्लो पट्टीबाहेर ढकलला जातो. पात्राच्या पानावर दिसणारे आकडे बरोबरीच्या शत्रूसाठी असतात. बॉससमोर चारही गोष्टी ०.६ ने घटतात. चार गुणिले ०.६ म्हणजे २.४. म्हणून जादूचा आकडा १०२.४. योद्ध्याने शील्ड ब्लॉक आणि पॅलाडिनने होली शील्ड ही ढालीची कौशल्यं लावून तो गाठायचा. अस्वलाचं रूप घेणाऱ्या ड्रूइडला ढाल धरता येत नाही, तलवारीने अडवताही येत नाही, त्यामुळे त्याची बेरीज कधीच पुरी होईना. बिचारा चिलखत आणि आयुष्य वाढवत बसला. या सिद्धान्ताची खरी चाचणी निर्दय होती: १०२.४ गाठलेल्या टँकला रात्रभरात एकही क्रशिंग ब्लो बसता कामा नये. एक बसला की सगळं खोटं. तो बसला नाही.

राक्षस कुणावर धावून जाईल हे ठरवणारा थ्रेट तर पडद्यावर कुठेच नव्हता. त्यासाठी दोन खेळाडूंचा प्रयोग होता. पहिला ठरावीक नुकसान करून हात आखडता घेतो. दुसरा बारीक बारीक फटके मारत राहतो आणि राक्षस कधी वळतो ते टिपतो. दुसऱ्याने पहिल्याला नुसतं गाठून भागत नाही. जवळून ११० टक्के आणि लांबून १३० टक्के झाल्यावरच राक्षस वळतो. या दोन आकड्यांनी किती गिल्डमधली, म्हणजे खेळाडूंच्या टोळ्यांमधली, भांडणं मिटवली असतील! तोवर ओनिक्सिया ड्रॅगनने आगीचा लोळ सोडला की कुणाच्या तरी नावाने खडे फोडायचे, हीच रीत होती. तो लोळ कशाने सुटतो याबद्दल जितके रेड तितक्या अंधश्रद्धा.

सगळं इतक्या झटपट सुटलं नाही. बॉससमोर साध्या वाराच्या चुका टाळायला गिअरमधून (अंगावरच्या शस्त्र-चिलखतातून) किती टक्के हिट (नेमातली वाढ) लागतो, आठ की नऊ, हा वाद वर्षानुवर्षं चालला. कारण सरळ आहे. हजार वारांत ८० चुका झाल्या तर खरं प्रमाण पावणेदोन टक्के इकडेतिकडे असू शकतं, म्हणजे आठ आणि नऊ दोन्ही आवाक्यात. फरक अर्ध्या टक्क्यावर आणायचा तर बारा हजार वार हवेत. दोन सेकंदाला एक वार धरला तर पावणेसात तासांची अखंड तलवारबाजी, तीही न मरणाऱ्या बॉससमोर. ब्लास्टेड लँड्समध्ये विशिष्ट वस्तू वापरल्याशिवाय न मरणारे काही राक्षस होते आणि तिथे योद्धे हात साफ करायला जात, पण ते बॉसच्या लेव्हलचे नव्हते. मधल्या काळात लोकांनी खासगी सर्व्हरवरही मोजमाप केलं. तिथलं कोष्टक मात्र कुणा प्रोग्रॅमरने अंदाजाने लिहिलेलं. त्या चाचण्यांनी फक्त त्या प्रोग्रॅमरचा अंदाज तपासला, गेम नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये गेमची निर्माती कंपनी ब्लिझार्डने जुना गेम 'क्लासिक' म्हणून पुन्हा आणला आणि त्याच सुमारास खुलासा झाला. योद्ध्याचं कसब ३००, बॉसचा बचाव ३१५. अंतर दहाहून जास्त असलं की दर अंकामागे ०.२ टक्के, म्हणून मूळच्या पाचात तीन मिळवून चुकण्याचं प्रमाण आठ. पण याच अंतराला एक दंडही होता, गिअरमधला पहिला एक टक्का हिट वाया जातो. म्हणून लागतात नऊ. चुका मोजणारा आठ म्हणत होता, गिअर जुळवणारा नऊ, आणि दोघंही खरे होते. कसब ३०५ केलं की अंतर दहावर येतं, दंड जातो आणि चुका सहावर उतरतात. तलवारीचं कसब जन्मतः पाचने जास्त असलेले मानव योद्धे आणि एजमास्टर्स हँडगार्ड्स नावाचे दिसायला अगदी सामान्य हातमोजे यांना एवढा भाव का होता, त्याचं उत्तर या एका ओळीत आहे.

दरम्यान लपवाछपवीच कमी होत गेली होती. २००८ च्या ऑक्टोबरमधल्या पॅचने (गेमच्या सुधारणेने) गेममधल्या राजधान्यांमध्ये सरावाचे पुतळे उभे केले आणि थ्रेटचे आकडे गेमनेच ॲडऑनना, म्हणजे खेळाडूंनी लिहिलेल्या जोड-प्रोग्रॅमना, देऊ केले. एलिटिस्ट जर्क्स या गिल्डभोवती जमलेल्या लोकांची सूत्रं स्प्रेडशीटमध्ये आणि मग 'सिम्युलेशनक्राफ्ट'मध्ये गेली. हा प्रोग्रॅम एकच लढाई हजारो वेळा खोटी खोटी लढतो आणि सरासरी सांगतो. आजचा खेळाडू दोन अंगठ्यांपैकी कुठली घालावी हे त्यालाच विचारतो, आणि पट्टी, खण, पायऱ्या यातलं काही माहीत नसतानाही उत्तर बरोबर मिळवतो. राइस्विट्झच्या अधिकाऱ्यांचंही तसंच होतं म्हणा. मोजण्याचं काम उरलंय ते सिम्युलेटर लिहिणाऱ्यांकडे. नवा पॅच येतो, लॉगमधले आकडे आणि त्यांच्या प्रोग्रॅमचे आकडे जुळत नाहीत, मग ते पुतळ्यासमोर जाऊन तोच एक वार मारत बसतात. कधी चूक त्यांच्या सूत्रात सापडते. कधी गेमच वर्णनात लिहिल्याप्रमाणे वागत नसतो, आणि मग दुरुस्ती ब्लिझार्डला करावी लागते.