गुळवेलीने खरंच ‘इम्युनिटी’ वाढते का?

कोरोनाच्या काळात गुळवेलीचा काढा तुमच्याही घरात उकळला असेल. कुणी कुंपणावरची वेल तोडून आणली, कुणी ज्यूस किंवा गोळ्या. दावा एकच: ‘इम्युनिटी वाढते.’ पण पुरावा किती?

संशोधन काय सांगतं?

गुळवेलीवरचं बरंचसं संशोधन प्रयोगशाळेतल्या पेशींवर किंवा उंदरांवर झालंय. माणसांवरच्या चाचण्या कमी आणि छोट्या आहेत. हा फरक महत्त्वाचा आहे. स्मरणशक्तीसाठी जगभर विकल्या जाणाऱ्या ‘गिंको’चंच बघा. अमेरिकेत ७५ वर्षं आणि त्यापुढच्या ३,०६९ जणांवर त्याची चाचणी झाली. निम्म्यांना गिंको, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. २००८ मध्ये निकाल आला: गिंको घेणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंश कमी झाला नव्हता.

फायदा नाही, तर नुकसान तरी काय?

सप्टेंबर ते डिसेंबर २०२० दरम्यान मुंबईतल्या डॉक्टरांना यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आढळले. सगळ्यांनी गुळवेल घेतली होती. २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांमधून अशा ४३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली. असा त्रास किती जणांना होतो, हे यावरून ठरवता येत नाही. पण ‘नैसर्गिक आहे, म्हणजे अपाय नाही’ हे नक्कीच खरं नाही.

आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये हा निष्कर्ष नाकारला. रुग्णांनी गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल घेतली असू शकते, असं मंत्रालयाचं म्हणणं होतं. तसं असेल तर प्रश्न आणखी अवघड होतो: पाकिटातली पूड नेमकी कोणत्या वेलीची, हे ग्राहकाने ओळखायचं कसं?

पाकिटावर काय वाचायचं?

‘एफएसएसएआय’चा १४ अंकी परवाना क्रमांक म्हणजे गुण येण्याची हमी नव्हे. तो अन्नपदार्थ विकण्याचा परवाना आहे. म्हणूनच सप्लिमेंटच्या पाकिटावर ‘औषधी वापरासाठी नाही’ अशी सूचना छापावी लागते. ती बहुतेकदा बारीक अक्षरात, मागच्या बाजूला सापडते.

लक्षात ठेवा

- यकृताचा किंवा थायरॉइडसारखा ऑटोइम्यून आजार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गुळवेल घेऊ नका.
- डोळे किंवा लघवी पिवळी दिसली, तर गुळवेल लगेच बंद करा आणि डॉक्टरांकडे जाताना पाकीट सोबत न्या.
- पुढचा ‘रामबाण’ मेसेज फॉरवर्ड करण्याआधी एकच प्रश्न विचारा: चाचणी किती माणसांवर झाली?