दूरनियंत्रित हेलिकॉप्टर प्रतिकृती : उड्डाणशिक्षणाचा इतिहास

जमिनीवर उभ्या असलेल्या चालकाने रेडिओ संदेशांच्या साहाय्याने उडवावयाच्या लहान हेलिकॉप्टरास दूरनियंत्रित हेलिकॉप्टर प्रतिकृती म्हणतात. स्थिर पंखांचे प्रतिकृती-विमान नियंत्रणे मोकळी सोडली, तरी काही काळ सरळ उडत राहू शकते. हेलिकॉप्टर मात्र अधांतरी थांबले असता स्वभावतःच अस्थिर असते. वाऱ्याच्या लहानशा झुळकेने ते कलते, कललेल्या बाजूस सरकू लागते आणि वेळीच सावरले नाही, तर काही सेकंदांत कोसळते. त्यामुळे या प्रतिकृतींच्या उड्डाणशिक्षणाचा इतिहास हा मुख्यतः यान सावरण्याचा भार नवशिक्याच्या हातांकडून क्रमाक्रमाने यंत्रणेकडे कसा गेला, याचा इतिहास आहे.

पूर्वपीठिका : अमेरिकन संशोधक आर्थर यंग यांनी पेनसिल्व्हेनियातील पाओली येथे लहान प्रतिकृतींवर प्रयोग करून फिरत्या पात्यांना जोडलेल्या स्थिरक दांडीचे तत्त्व सिद्ध केले. १९४१ मध्ये त्यांनी आपली प्रतिकृती बेल कंपनीला दाखविली. या कामातून तयार झालेल्या ‘बेल ४७’ या हेलिकॉप्टरास ८ मार्च १९४६ रोजी अमेरिकेत नागरी वापराचे प्रमाणपत्र मिळाले. स्टॅन्ली हिलर यांनी दांडीच्या टोकांना लहान पाती बसविण्याची पद्धत प्रचारात आणली. पुढे प्रतिकृतींमध्ये या दोन्ही पद्धतींचा मिलाफ करण्यात आला.

रेडिओ-नियंत्रित विमाने १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून उडत होती. हेलिकॉप्टरास मात्र आणखी सु. तीन दशके लागली. जर्मन अभियंते डीटर श्ल्यूटर यांना १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्यात यश आले. २० जून १९७० रोजी त्यांच्या प्रतिकृतीने २७ मिनिटे ५१ सेकंद उड्डाण करून आणि ११·५ किमी. अंतर कापून विक्रम केले. त्यानंतर जुळणीचे संच विक्रीस येऊ लागले व हा छंद पसरला.

शिक्षणक्रम : आरंभीच्या अनेक प्रतिकृतींत पात्यांचा कोन कायम असे व एंजिनाचा वेग बदलूनच उंची कमीजास्त करावी लागे. वेग बदलण्यास थोडा अवधी लागत असल्याने नवशिक्याला परिणामाची आगाऊ अटकळ बांधावी लागे. शिवाय वेग बदलला की, यान उभ्या अक्षाभोवती फिरू पाही आणि शेपटीचा पंखा लगेच जुळवून घ्यावा लागे. चढउतार, पुढेमागे, डावीउजवीकडे व शेपटीची दिशा ही चार नियंत्रणे एकाच वेळी सांभाळणे, हाच पहिला धडा असे.

यानाखाली फुलीच्या आकारात दोन लांब काठ्या बांधून त्यांच्या टोकांना हलके चेंडू बसवीत, त्यामुळे यान सहसा कलंडत नसे. प्रथम शेपटी स्वतःकडे ठेवून यान जमिनीवर घसरविणे, मग थोडे उचलून एका जागी राखणे, नंतर ते आडवे वळविणे, असा क्रम रूढ झाला. जमिनीलगत पात्यांखालील हवेच्या दाबामुळे यान निसरड्या पृष्ठभागावर असल्यासारखे भरकटते. म्हणून थोड्या उंचीवरच खरा सराव होतो.

यानाचे तोंड चालकाकडे असणे ही सर्वांत कठीण पायरी होय. अशा वेळी डावी-उजवी बाजू उलट होते. यान ज्या बाजूस सरकत असेल, त्याच बाजूस दांडी ढकलली म्हणजे ते सावरते. हा नियम समजण्यास सोपा असला, तरी हातात भिनण्यास दीर्घ सराव लागतो.

यंत्रणेतील बदल : पात्यांचा कोन बदलण्याची सोय आल्यावर उंचीचे नियंत्रण तत्काळ होऊ लागले. एंजिन बंद पडले असता फिरत्या पात्यांच्या संवेगावर सुखरूप उतरणेही त्यामुळे शक्य झाले. यांत्रिक घूर्णीने (जायरोस्कोपने) शेपटीचे भरकटणे कमी केले. १९९० च्या दशकात दाबविद्युत् स्फटिकांच्या घूर्णी आल्या व पाठोपाठ शेपटीची दिशा कायम राखणारी मंडले प्रचारात आली. गुरू-शिष्यांचे प्रेषक केबलने जोडण्याच्या पद्धतीमुळे यान धोक्यात येताच गुरूला नियंत्रण परत घेता येते. संगणकावरील आभासी उड्डाणामुळे तर यान न मोडता हजार वेळा चुकण्याची मुभा मिळाली. पुढे इलेक्ट्रॉनिक स्थिरीकरणामुळे स्थिरक दांडीही अनावश्यक ठरली. २०१० नंतर प्रसार पावलेले चार पंख्यांचे ड्रोन तर दांड्या सोडताच जागच्या जागी थांबतात.

धोके व महत्त्व : दीड मीटर व्यासाची पाती मिनिटास १,५०० फेरे घेत असता त्यांच्या टोकांचा वेग ताशी ४०० किमी.हून अधिक होतो. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका उद्यानात स्वतःच्याच प्रतिकृतीचा आघात होऊन एका तरुण चालकाचा मृत्यू झाला. यंत्रणा यानाचा तोल सांभाळू शकते. परंतु यान कोणत्या दिशेस तोंड करून आहे, ते किती अंतरावर आहे आणि उड्डाण केव्हा थांबवावे, हे चालकालाच ओळखावे लागते. म्हणूनच स्थिरीकरण स्वयंचलित झाल्यावरही सुरक्षित अंतर, निर्मनुष्य मैदान आणि अनुभवी मार्गदर्शक यांचे महत्त्व कमी झालेले नाही.