ओमेगा-३ समृद्ध कोंबडीचे मांस
कोंबडीच्या खाद्यातील स्निग्धाम्ले बदलून मिळवलेले मांस. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटात चरबीचे रूप पालटते; कोंबडीत ती बहुतांशी खाद्यातल्यासारखीच मांसात उतरते. नवी मुंबईत विकला जाणारा ब्रॉयलर मुख्यतः मका-सोयापेंडीवर वाढतो, म्हणून त्यात ओमेगा-६ अधिक. विदर्भात पिकणारे जवस इथे मोलाचे: त्याच्या तेलात साधारण निम्मे अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे ओमेगा-३ स्निग्धाम्ल, असते. ते छातीपेक्षा तंगडीत जास्त साठते. मात्र कच्च्या जवसातील चिकट द्रव्य व सायनाइडजनक घटकांमुळे वाढ खुंटते; दाणे भाजून, बेतानेच मिसळावेत. मासळीच्या तेलाने डीएचए हे ओमेगा-३ स्निग्धाम्ल थेट वाढते, पण मांसाला वास येतो. ओमेगा-३ असलेली चरबी लवकर खवटते, त्यामुळे खाद्यात ई जीवनसत्त्व हवेच. ओमेगा-३च्या बाबतीत बांगडा-तारलीची बरोबरी हे मांस करत नाही. मासे न खाणाऱ्यांना मात्र उपयुक्त ठरते.