भटारखान्यातील विद्या

एखाद्या आचाऱ्याची वाखाणणी करताना 'त्याच्या हाताला चव आहे' असे आपण म्हणतो. या बोलण्यात कौतुक आहे खरे. पण ती चव त्या हाताला आली कशी, हा प्रश्न त्यात बुजून जातो. आज सर्वत्र रूढ झालेला 'शेफ' हा शब्द फ्रेंच आहे व त्याचा मूळ अर्थ 'प्रमुख' एवढाच. हा प्रमुख कसा घडला हे पाहावयाचे, तर आपणांस फ्रान्सच्या भटारखान्यात शिरले पाहिजे.

फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत आँतोनँ कारेम या गरिबाच्या पोराला बापाने पॅरिसमध्ये वाऱ्यावर सोडले. एका खाणावळीत राबून तो वाढला आणि पुढे बायी नावाच्या नामांकित मिठाईवाल्याकडे उमेदवार राहिला. या भल्या मालकाने त्याला ग्रंथालयात जाण्यास सवड दिली. तेथील जुन्या इमारतींची चित्रे पाहून कारेम साखरेचे व पिठाचे मनोरे रचू लागला. परंतु त्याची खरी कामगिरी निराळी. असंख्य सॉसांची त्याने चार मूळ सॉसांखाली वर्गवारी लावली. शेकडो कृती सुट्या पाठ करण्याऐवजी मूळ धरून पुढे जाण्याची वाट त्यामुळे शिकणाऱ्याला सापडली. १८३३ मध्ये तो वारला. ज्या भटारखान्यांत त्याचे आयुष्य गेले, ते कोळशाच्या धुराने कोंदलेले असत.

ऑग्यूस्त एस्कोफिये यांचा जन्म १८४६ चा. शिल्पकार होण्याची हौस बाजूस ठेवून तेराव्या वर्षी ते नीस येथे काकांच्या उपाहारगृहात उमेदवारीस लागले. नात्याची सवलत तेथे नव्हती. शरीर ठेंगणे, भट्टीची धग तोंडावर येऊ नये म्हणून ते उंच टाचांचे जोडे घालीत. उष्णता, दारू आणि शिवीगाळ हे त्या काळच्या भटारखान्याचे नित्याचे सोबती होते. १८९० मध्ये लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात मुख्य झाल्यावर एस्कोफिये यांनी दारूऐवजी जवाचे पाणी ठेवविले आणि आरडाओरड बंद केली.

कामाची वाटणीही त्यांनी नव्याने लावली. अंडी, भाजलेले मूत्रपिंड आणि ट्रफल या सुगंधी बुरशीचा सॉस असा एक पदार्थ एकट्या स्वयंपाक्याला पंधरा मिनिटे अडकवून ठेवी. आता एकाने अंडी करावी, दुसऱ्याने भाजावे, तिसऱ्याने सॉस सिद्ध करावा. ताट काही मिनिटांत तयार! उमेदवार एकेका विभागात राबून मग वर चढे. १९०३ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांच्या साहाय्याने 'ल गीद क्युलिनॅर' हा ग्रंथ काढला आणि गुरूच्या मुठीतील प्रमाणे छापून सर्वांपुढे ठेवली.

मात्र याच गुरूंना सॅव्हॉयने १८९८ मध्ये कामावरून दूर केले, आणि पुरवठादारांकडून दलाली घेतल्याचे त्यांनी पुढे कबूल केले. कोठीचा चोख हिशेब हाही या विद्येचाच भाग आहे, हे त्यावरून ध्यानी यावे.

आपल्याकडे ही विद्या बापाकडून मुलाकडे किंवा मुख्य आचाऱ्याकडून हाताखालच्या पोराकडे जात आली. १९५४ मध्ये लीलावती मुनशी यांच्या पुढाकाराने मुंबईत खानपान-व्यवसायाचे शिक्षण देणारी संस्था निघाली, तेव्हा तिला शाळेची बैठक मिळाली. चाकू धरणे, आच ओळखणे, स्वच्छता राखणे, शंभर पानांचा अंदाज बांधणे आणि माणसांकडून न ओरडता काम करून घेणे, इतके सारे त्यात येते. पुस्तक प्रमाण सांगते; फोडणी करपण्याआधीचा क्षण मात्र रोज चुलीपाशी उभे राहूनच कळतो.

म्हणून आम्हांस वाटते, लग्नाच्या पंगतीत जिलबीची तारीफ करताना मांडवामागे कांदा चिरीत बसलेल्या पोराचीही आपण आठवण ठेवावी. त्याची उमेदवारी चालू आहे. त्याला कोणी प्रमाण समजावून सांगतो, की नुसताच राबवून घेतो, यावर पुढे त्याच्या हाताला चव येणार की नाही हे ठरावयाचे आहे.