मागील पानावरून पुढे

आमच्या घरी पित्त हा आजार नसून कुटुंबातला एक सभासद आहे. उन्हात गेले की पित्त, उपास केला की पित्त, माझी बहीण राहायला येणार असे कळले की तर हमखास पित्त! त्यामुळे परवा हिच्या पोटात कळ आली, तेव्हा मी सवयीने आमसुलाचे पाणी हातात दिले आणि बँकेत निघून गेलो. दुपारी फोन आला. संध्याकाळी सर्जननी एक कागद पुढे केला. त्यावर 'कोलेसिस्टेक्टमी' असा शब्द होता आणि खाली माझ्या सहीला जागा होती.

वीस वर्षे बँकेत काढल्यावर माणूस एक गोष्ट शिकतो. न समजलेल्या कागदावर सही करायची नाही. (आमच्या कागदांवर लोक खुशाल करतात, ते सोडा.) पेन घेऊन मी बाकड्यावर बसलो. हात थरथरत होता, हे कबूल करतो.

सोबतीला माझा भाचा होता. मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. म्हणाला, "मामा, शब्दाला घाबरू नका. ती मालगाडी असते. डबे सोडवा."

त्याने डबे सोडवले. 'कोले' म्हणजे पित्त, 'सिस्ट' म्हणजे पिशवी, 'एक्टमी' म्हणजे कापून बाहेर काढणे.

"म्हणजे पित्ताची पिशवी काढायची, एवढंच?"

"एवढंच. बर्लिनच्या लांगेनबुखनं १८८२ सालीच काढून दाखवली होती."

"मग तसं लिहायला काय धाड भरली होती?"

धाड जुनी होती. हिपोक्रेटिसपासूनचे वैद्यक ग्रीक भाषेत लिहिलेले. पुढे राज्य रोमनांचे आले, तरी वैद्य बहुतेक ग्रीकच राहिले. दुसऱ्या शतकातला गेलन रोममध्ये बसून लिहायचा, तोही ग्रीकमध्येच. साहेब बदलला तरी हेडक्लार्क तोच, तशातला प्रकार. मग युरोपातल्या डॉक्टरांनी नव्या रोगांचे बारसेही ग्रीक-लॅटिनमधूनच केले.

आमच्याकडे खतावणीत चूक सापडली की दुसऱ्या दिवशी ऑडिटर हजर. ह्यांच्याकडे तसे नाही. प्रेताच्या धमन्या रिकाम्या दिसल्या, म्हणून जुन्या ग्रीकांना वाटले की त्यांतून हवा वाहते. श्वासनलिकेचेच 'आर्टरी' हे नाव त्यांना मिळाले. गेलनने त्यांत रक्त असते हे दाखवून दिले, पण नाव तसेच पुढे ओढले गेले. 'मलेरिया' म्हणजे इटालियनमध्ये वाईट हवा. रोनाल्ड रॉसने १८९७ साली सिकंदराबादला डासाच्या पोटात त्याचे जंतू पकडले, तरी खाते अजून हवेच्याच नावावर आहे.

एक नोंद मात्र दुरुस्त झाली. उजव्या बाजूला पोट दुखून माणसे दगावत. त्याचा ठपका पुष्कळ वर्षे आतड्याच्या एका बंद टोकावर होता. बंद म्हणजे आंधळे, म्हणून ग्रीक 'टिफ्लॉस' ह्या शब्दावरून रोगाचे नाव 'पेरिटिफ्लायटिस'. बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झने १८८६ साली सांगितले, की खरा गुन्हेगार शेजारचे शेपूट आहे. त्याने नावे टाकले अपेंडिक्सच्या. 'अपेंडिसायटिस' झाला. पुढचा डबा लॅटिन, मागचा ग्रीक. तरीही १९०२ साली सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक दोन दिवसांवर आलेला असताना त्याचे पोट दुखले, तेव्हा राजवैद्यांनी पत्रकात जुनेच नाव घातले. राजा शस्त्रक्रियेने वाचला, समारंभ ऑगस्टवर गेला आणि अपेंडिक्सला घरोघर मान मिळाला.

हे 'आयटिस' तरी काय? मुळात नुसते 'चा-ची-चे'. 'आर्थ्रायटिस' म्हणजे 'सांध्याचा'. पुढचा 'रोग' हा शब्द बोलता बोलता गळून पडला आणि उरलेल्या प्रत्ययाला दाहाचा अर्थ चिकटला.

"आणि मामा, हे परके नाहीत बरं का. 'डिस' हा आपल्या 'दुस्'चा चुलतभाऊ, 'हायपर' हा 'उपरि'चा. 'कॅन्सर' म्हणजे खेकडा, आणि आपण म्हणतो कर्करोग."

"आणि हे 'इडिओपॅथिक' काय असतं?" मी भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट दाखवले.

"ज्याचा त्याचा रोग. म्हणजे कारण सापडलेलं नाही."

एवढा एक शब्द मला पुरेपूर कळला. आमच्याकडे त्याला सस्पेन्स खाते म्हणतात.

शब्द सुटा झाला म्हणून काळजी सुटत नाही. पण निदान ती कशाची आहे ते कळते. ग्रीकमध्ये मला साऱ्या शरीराची भीती वाटत होती, मराठीत ती एका पिशवीपुरती राहिली. सही केली. सरळ आली.

दुसऱ्या दिवशी ही नीट शुद्धीवर आली. "अहो, काय काढलं?"

"कोलेसिस्टेक्टमी झाली," मी ऐटीत म्हणालो.

"मराठीत सांगा."

"पित्ताची पिशवी काढली."

"म्हणजे आता पित्त नाही?"

मी भाच्याकडे पाहिले. तो म्हणाला, "मामी, पित्त यकृतात तयार होतं. पिशवी नुसती साठवायची. पित्त राहणारच." मग थोडे थांबून म्हणाला, "आणि हो, आई संध्याकाळच्या गाडीनं येतेय. चांगली महिनाभर राहणार आहे."

हिने डोळे मिटून घेतले. मी मुकाट्याने आमसुले आणायला निघालो.