माजिवडा
माजिवडा : महाराष्ट्रातील ठाणे शहराचे एक उपनगर. ठाणे रेल्वेस्थानकाच्या उत्तरेस सुमारे ३ किमी.वर, मुंबई–नाशिक महामार्गापासून घोडबंदर रस्ता जेथे फुटतो त्या नाक्याभोवती ते वसले आहे. पूर्वेस साकेत–बाळकुमचा खाडीकाठ, उत्तरेस कापूरबावडी, ढोकाळी व कोलशेत, तर पश्चिमेस वसंत विहार–पोखरणचा भाग असून त्यापलीकडे येऊरचे डोंगर आहेत. प्रशासकीय दृष्ट्या ते महानगरपालिकेच्या माजिवडा–मानपाडा प्रभाग समितीत मोडते.

मूळ गाव आगरी-कोळ्यांचे. भातशेती व खाडीतील मासेमारी ही त्यांची उपजीविका होती. नंतर या पट्ट्यात रंग, रसायने व औषधांचे कारखाने आले. नाक्याचे ‘गोल्डन डाईज’ हे नाव त्या काळातले. कारखाने बंद पडले किंवा हलले, तशी त्यांच्या मोकळ्या जागांवर निवासी संकुले उभी राहिली.

नियोजन : ठाणे नगरपालिका १८६३ ची. १ ऑक्टोबर १९८२ रोजी ठाणे महानगरपालिका स्थापन झाली व कळवा, माजिवडा आणि घोडबंदर पट्ट्यातील गावे एका कारभाराखाली आली. पालिकेचे क्षेत्र १२८·२३ चौ. किमी. आहे. शहराची लोकसंख्या १९९१ मध्ये सुमारे ८ लाख होती, ती २०११ मध्ये १८,४१,४८८ झाली. या वाढीला आराखड्याची चौकट मिळाली ती उशिराच : महानगरपालिकेची विकास योजना शासनाने १९९९ मध्ये मंजूर केली आणि तिचा वगळलेला भाग २००३ मध्ये. याच सुमारास आयुक्त टी. चंद्रशेखर यांच्या कारकिर्दीत शहरातील रस्ते रुंद झाले. पुढील सुधारित योजनेचे प्रारूप २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

निधी : आराखड्यात रस्ता, उद्यान, शाळा यांसाठी आरक्षणे पडतात, पण ती जमीन ताब्यात घेण्याएवढा पैसा पालिकेकडे नसतो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२६ प्रमाणे जागा वाटाघाटीने, सक्तीच्या भूसंपादनाने किंवा चटईक्षेत्राच्या, म्हणजे बांधकामाच्या हक्काच्या, मोबदल्यात घेता येते. माजिवडा परिसरात या तिसऱ्या वाटेचे महत्त्व मोठे आहे. दाट वस्तीबाहेर १,००० चौ. मी. आरक्षित जागा पालिकेला विनामूल्य दिल्यास मालकाला २,००० चौ. मी.चा हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर, मिळतो; दाट वस्तीत तो तिप्पट असतो. टीडीआर विकता येतो. तो दुसऱ्या ठिकाणी वापरताना दोन्ही जागांच्या रेडी रेकनर दरांच्या (शासनाने ठरवलेल्या जमीनदरांच्या) प्रमाणात क्षेत्र कमी-जास्त होते. डिसेंबर २०२० पासून ही पद्धत राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीखाली चालते.

विकासकाने आरक्षित जागेवर सुविधा बांधून दिल्यास त्यालाही बांधकामाचा टीडीआर मिळतो. कोलशेत भागातील २०·५ एकरांचे सेंट्रल पार्क (२०२४) या मार्गाने उभे राहिले. बाळकुम–साकेत येथील ग्लोबल हब ही विकासकाकडून पालिकेला मिळालेली वास्तू. जून २०२० मध्ये तेथे १,०२४ खाटांचे कोविड रुग्णालय सुरू झाले.

रोख उत्पन्न मालमत्ता कर, विकास शुल्क, जादा चटईक्षेत्रावरील अधिमूल्य आणि शासकीय अनुदान यांतून येते. जकातीच्या जागी २०१३ मध्ये स्थानिक संस्था कर आला आणि २०१७ पासून वस्तू व सेवा कराची भरपाई. जकात पालिका स्वतः वसूल करी. भरपाईसाठी तिला राज्याकडे पाहावे लागते. त्यामुळे बांधकाम परवानग्यांतून येणाऱ्या पैशावरची मदार वाढली आणि बांधकाम मंदावले की पालिकेची तिजोरीही आटू लागली.

सोयी व ताण : सुविधा बांधकामाच्या मागून येतात, त्यातच वाढीव बांधकामाचा भार आधीच्याच नळांवर व रस्त्यांवर पडतो. शहराला भातसा नदीवरील पालिकेची योजना, स्टेम पाणीपुरवठा प्राधिकरण, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ व मुंबई महापालिका अशा चौघांकडून मिळून रोज सुमारे ५८५ दशलक्ष लिटर पाणी मिळत आले आहे. २०१७ मध्ये पाणीटंचाईच्या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयाने घोडबंदर पट्ट्यातील नव्या बांधकामांना काही काळ रोखले होते. नाक्यावर न्हावा-शेवाहून गुजरातकडे निघालेले कंटेनर, नाशिककडे जाणाऱ्या गाड्या आणि शहरातल्या रिक्षा उड्डाणपुलाच्या वर-खाली एकमेकांत अडकतात. म्हणून अवजड वाहनांना वेळेची बंधने घालावी लागतात.

मोठ्या वाहतूक प्रकल्पांचा खर्च पालिकेच्या आवाक्याबाहेरचा असल्याने ते मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (एमएमआरडीए) किंवा महाराष्ट्र मेट्रो रेल महामंडळ (महामेट्रो) करते. वडाळा–कासारवडवली मेट्रो ४ चे माजिवडा व कापूरबावडी येथे स्थानके असून, ठाणे–भिवंडी–कल्याण मेट्रो ५ कापूरबावडीपासून सुरू होते. केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर केलेल्या २९ किमी. लांबीच्या ठाणे अंतर्गत मेट्रोचा खर्च १२,२०० कोटी रु. आहे. केंद्र व राज्याचे समान भांडवल आणि कर्ज यांबरोबरच स्थानकांच्या नावांचे हक्क विकून व मेट्रोमुळे वाढणाऱ्या जमीनमूल्याचा वाटा घेऊन पैसा उभारण्याची तीत तरतूद आहे. ठाण्यात घर घेणाराही मुद्रांक शुल्कासोबत १ टक्का मेट्रो अधिभार भरतो.